बाजारवार्ता आणि न्याय्यता : १८६५ ची मुंबई ते २०२४ चे लासलगाव

प्रास्ताविक

दि. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजार समितीत कांद्याचा सर्वसाधारण दर क्विंटलला १,२८० रुपये होता. दि. १९ फेब्रुवारीस तो १,८०० रुपयांवर गेला. दरम्यान केंद्र शासनाने कांद्यावरील निर्यातबंदी उठविल्याचे वृत्त सर्वत्र प्रसृत झाले होते. दि. २० फेब्रुवारीस केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी खुलासा केला, की बंदी उठविलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. हा खुलासा आला तेव्हा १९ तारखेचे लिलाव होऊन गेले होते. चढ्या दराने घेतलेला माल खळ्यांवर पोहोचला होता, आणि १७ तारखेस १,२८० रुपयांनी माल देऊन गेलेला शेतकरी आपल्या गावी परतला होता.

दोन दिवसांत चाळीस टक्क्यांहून अधिक झालेली ही वाढ एका बातमीच्या आधारावर उभी होती. ती बातमी प्रथम कोणाच्या कानी पडली, कोणी ती पुढे पाठविली आणि पाठविताना त्याच्या स्वतःच्या खळ्यावर किती माल होता, हे प्रश्न त्या आठवड्यात फारसे विचारले गेले नाहीत. चर्चा झाली ती बातमी खरी की खोटी, एवढ्यापुरतीच.

बाजारवार्तेच्या न्याय्यतेचा विचार केवळ खरे-खोटेपणाच्या कसोटीवर करता येत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पूर्णतः खरी बातमीही ज्याला एक दिवस आधी मिळते त्याच्या हाती ती भांडवल ठरते आणि ज्याला एक दिवस उशिरा मिळते त्याच्या वाट्याला तोटा येतो. तसेच, बातमी देणाऱ्याचा त्या मालात वा समभागात हितसंबंध असेल आणि तो झाकलेला असेल, तर बातमीतील प्रत्येक वाक्य खरे असूनही वाचक फसतो. हे दोन्ही प्रश्न भ्रमणध्वनीच्या युगात निर्माण झाले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. इतिहासाच्या अभ्यासकास तो मान्य करता येत नाही. किमान १८६०-७० च्या दशकातील मुंबईपर्यंत त्यांचा माग स्पष्टपणे लागतो.

कापूस, तार आणि उशिरा पोहोचलेली बातमी

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील संस्थानांतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्यांची गरज भागविण्यासाठी मुंबईच्या कापसाला एकाएकी मागणी आली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात येथील कापूस सोन्याच्या मोलाने जाऊ लागला. युद्धकाळातील या व्यापारातून नेहमीच्या उत्पन्नाहून सुमारे ८१ दशलक्ष पौंड इतका जादा पैसा मुंबईत आला, असा आकडा तत्कालीन लेखनापासून आजवर दिला जातो. या पैशाला शहरात पुरेशी वाट नव्हती. ती वाट नव्या कंपन्यांनी करून दिली. जानेवारी १८६५ च्या सुमारास मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या ८ कंपन्या होत्या. त्यांतील बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला होता.

या काळाचा इतिहास सामान्यतः लोभाची कथा म्हणून सांगितला जातो. सर दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी पाहिलेला हा काळ १९१० मध्ये ग्रंथबद्ध केला. त्यानंतरच्या बहुतेक लेखनावर त्या ग्रंथाची छाया आहे. लोभ होताच, परंतु बातमीच्या अंगाने पाहिले असता या कथेचा एक वेगळा पदर उलगडतो.

मुंबईतील कापसाचा भाव लिव्हरपूलमध्ये ठरत असे आणि लिव्हरपूलचा भाव अमेरिकेतील रणांगणावर. ही बातमी सुएझमार्गे येणाऱ्या टपालबोटीने कित्येक आठवड्यांनी मुंबईस पोहोचे. बोट बंदरास लागून टपाल वाटले जाण्याच्या आत ज्याला भाव कळेल, त्याला काही तासांचे राज्य मिळे. प्रेमचंद रायचंद हे टपालबोटीला भर समुद्रात गाठून बातमी आणण्यासाठी आपल्या जलद होड्या पाठवीत, अशी कथा सांगितली जाते. ती तपशिलात कितपत खरी आहे यापेक्षा, शहराने ती इतक्या सहजतेने खरी मानली, हे अधिक बोलके आहे. आपल्या आधी कोणाला तरी कळते, ही भावना तेव्हाच्या बाजारात पक्की रुजली होती.

१८६५ च्या प्रारंभी इराणच्या आखातातील तारेमुळे कराची लंडनशी जोडले गेले. तारेमुळे बातमी सर्वांना एकाच वेळी मिळू लागेल, अशी अपेक्षा कोणी केली असल्यास ती फोल ठरली. प्रारंभीचा दर २० शब्दांना सुमारे ५ पौंड होता. एवढी रक्कम मोजून खाजगी तार मागविणे मोठ्या पेढ्यांनाच शक्य होते. रॉयटरचे कार्यालय मुंबईत आले ते १८६६ मध्ये, म्हणजे सर्व काही आटोपल्यानंतर. वर्तमानपत्रे अर्थातच होती. गुजरातीतील ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून जहाजांची ये-जा आणि व्यापारविषयक मजकूर छापत आले होते. मराठीत ‘ज्ञानप्रकाश’ पुण्यास १८४९ पासून आणि ‘इंदुप्रकाश’ मुंबईस १८६२ पासून निघत होते. तथापि या पत्रांचा मुख्य ओढा समाजसुधारणा आणि राज्यकारभार यांकडे होता. मराठी वाचकास बाजार समजावून सांगणारी स्वतंत्र पत्रकारिता त्या वेळी उभी राहिलेली नव्हती. त्यामुळे मराठी मध्यमवर्गीय माणूस या बाजारात शिरला तो छापील माहितीवर नव्हे, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. नव्या कंपनीचे शेअर मूळ वाटपातच पदरी पडणे हा मोठा लाभ होता आणि ते वाटप प्रवर्तकांच्या मर्जीवर अवलंबून असे.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. त्याची वार्ता मुंबईस येताच कापसाचा भाव कोसळला आणि त्यामागोमाग शेअर. १ जुलै १८६५ हा वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणी भागविण्यास जवळजवळ कोणीच समर्थ नव्हते. बॅक बेचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली आला. या पडझडीत ज्यांची मोठी आर्थिक हानी झाली त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. शिलालेखांचे अक्षर न् अक्षर पारखून घेणारा, पुराव्यावाचून विधान न करणारा हा विद्वान बाजारात मात्र इतरांसारखाच फसला. महाविद्यालयीन अध्यापकांनी या उदाहरणावर क्षणभर थांबावे असे वाटते. त्यांच्या बुद्धीत उणीव नव्हती. शिलालेख ज्याला वाचायचा त्याच्यासमोर तो संपूर्ण उभा असतो. बाजाराची बातमी मात्र आपल्यापर्यंत येते तेव्हा तिचा कोणता भाग आधीच वापरून झाला आहे, हे वाचणाऱ्यास दिसत नाही.

बँक ऑफ बॉम्बेच्या नाशाची चौकशी करण्यासाठी १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बँकेवरील निर्बंध सैल करणारा १८६३ चा कायदा, चिटणिसांनी केलेला अधिकारांचा गैरवापर, संचालकांची हेळसांड आणि काळाचे असाधारण स्वरूप ही कारणे आयोगाने नोंदविली. बातमी कोणाला केव्हा मिळाली, हा प्रश्न कारणांच्या त्या यादीत नाही. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना स्थापली, तिच्यातूनच आजचा मुंबई शेअर बाजार वाढला. दलाल कोण, त्याने व्यवहार कसा करावा, याचे नियम हळूहळू तयार झाले. बातमीला नियम लागण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

बातमीदाराचा हितसंबंध

दि. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये सुचेता दलाल यांची बातमी प्रसिद्ध झाली आणि स्टेट बँकेच्या सुमारे ५०० कोटी रुपयांच्या रोख्यांचा गोंधळ उघड झाला. आदल्याच दिवशी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ४,४६७ या उच्चांकावर होता. भारतीय अर्थपत्रकारितेचा हा गौरवाचा क्षण, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच्या आधीचे वर्षभर हीच अर्थपत्रकारिता काय करीत होती, हेही पाहिले पाहिजे. हर्षद मेहता यांचे बंगले, मोटारी आणि त्यांचा ‘पुनःस्थापना खर्चा’चा सिद्धान्त यांना नियतकालिकांत मुबलक जागा मिळाली होती. एखादी कंपनी आज नव्याने उभारायची झाल्यास जो खर्च येईल त्यावरून तिच्या शेअरचे मोल ठरवावे, असा तो सिद्धान्त. तो सांगणाऱ्याच्या हाती त्या कंपनीचे किती शेअर आहेत, ही माहिती वाचकापुढे क्वचितच आली. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काही शे रुपयांवरून नऊ हजारांच्या पुढे गेला. त्या चढत्या भावात सिद्धान्ताच्या प्रसिद्धीचा वाटा किती, हे मोजता येणार नाही; तो शून्य होता असेही म्हणता येणार नाही.

याहून सूचक घटना नंतरची आहे. १९९७-९८ च्या सुमारास मेहता पुन्हा प्रकट झाले ते दलाल म्हणून नव्हे, सल्लागार लेखक म्हणून. वृत्तपत्रीय स्तंभ आणि स्वतःचे संकेतस्थळ ही त्यांची नवी साधने होती. देशात आंतरजाल जेमतेम रांगत असताना गुंतवणूकदारांना संकेतस्थळावरून शेअर सुचविणाऱ्या पहिल्या प्रसिद्ध व्यक्तींत त्यांचा समावेश होतो, ही बाब आंतरजालावरील आजच्या गुंतवणूकदार-गटांच्या इतिहासाच्या आरंभीच नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पत्रकारांच्या बाबतीत प्रेस कौन्सिलने १९९६ मध्ये अर्थपत्रकारितेसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. कंपनीकडून भेटवस्तू, कर्ज वा शेअर स्वीकारू नयेत आणि ज्या कंपनीविषयी लिहावयाचे तिच्यातील आपली गुंतवणूक उघड करावी, असा त्यांचा आशय होता. ही तत्त्वे व्यक्तीला उद्देशून होती. पुढे २००५ नंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. जाहिरातींच्या मोबदल्यात कंपनीचे शेअरच घेण्याचे करार माध्यमसमूह करू लागले. म्हणजे बातमीदाराचे हात स्वच्छ असले तरी त्याच्या मालकाच्या तिजोरीत त्या कंपनीचे भागभांडवल होते. सेबीने हा प्रश्न प्रेस कौन्सिलपुढे नेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये असा हितसंबंध बातमीसोबत जाहीर करणे आवश्यक असल्याचे ठरले. मराठी वृत्तपत्रांच्या अर्थपृष्ठांवर अशी जाहीर नोंद आपण किती वेळा वाचली आहे, हे प्रत्येक वाचकाने स्वतःस विचारून पाहावे.

पडद्यावरील सल्ला आणि हातातील गट

दूरचित्रवाणीने बातमी आणि व्यवहार यांतील अंतर मिनिटांवर आणले. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात जे शेअर घेण्याचा सल्ला दिला जाई, ते निवेदकाच्या कुटुंबीयांच्या खात्यांतून आदल्या दिवशी घेतले जात आणि कार्यक्रमानंतर विकले जात, असा आरोप होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे लासलगावच्या उपरोक्त प्रसंगाच्याच महिन्यात, दुसऱ्या एका वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांसंबंधी तसाच अंतरिम आदेश आला. येथे सल्ला प्रसारित होण्यापूर्वीच तो काही व्यापाऱ्यांना पुरविला जात असल्याचे सेबीचे म्हणणे होते. टपालबोटीला भर समुद्रात गाठणारी होडी आणि हा प्रकार यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. युक्ती तीच आहे. फरक एवढाच की, होडी पाठविणारा बातमी केवळ आधी मिळवीत होता, येथे बातमी जन्मालाच घातली जात होती.

व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांचा प्रश्न अधिक अवघड आहे. काही मोठ्या कंपन्यांचे तिमाही निकाल अधिकृत घोषणेपूर्वीच अशा गटांतून फिरल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉयटरने उघड केले. सेबीने काही संदेश पाठविणाऱ्यांना दंड केला. परंतु २०२१ मध्ये प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाने ते आदेश रद्द केले. असे ‘बाजारात ऐकले’ स्वरूपाचे संदेश रोज असंख्य फिरत असतात; त्यांतील एखादा खरा ठरला म्हणून तो कंपनीतूनच फुटला असे मूळ स्रोताच्या पुराव्याविना मानता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की ज्या माध्यमातून त्याला सर्वाधिक बाजारवार्ता मिळते त्याच माध्यमाला उगम नाही.

आमच्या अध्यापककक्षातही दुपारच्या सुट्टीत असा एखादा संदेश फिरतो. पाठविणारा सहकारी प्रामाणिक असतो. त्याला तो मेहुण्याकडून आलेला असतो, मेहुण्याला आणखी कोणाकडून. मी स्वतः अशा एका संदेशावर विसंबून घेतलेले शेअर अजून विकू शकलेलो नाही. यात दोष कोणाचा, हे सांगता येत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. १८६४ मध्ये गिरगावातील कारकुनाला शेजाऱ्याने सांगितलेल्या शब्दाची जी प्रतिष्ठा होती, तीच आज या गटांना आहे. परिचयाचा माणूस सांगतो म्हणून त्याची छाननी होत नाही.

नियामकाने अलीकडे काही पावले टाकली आहेत. ऑगस्ट २०२४ मधील दुरुस्तीने नोंदणीकृत दलालांना अनोंदणीकृत सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई झाली. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने, शिक्षणाच्या नावाखाली शिकविणाऱ्यांना मागील तीन महिन्यांचे बाजारभाव वापरण्यास मनाई केली. शिक्षण आणि सल्ला यांमधील सीमारेषा इतक्या नेमकेपणाने आखण्याचा हा प्रयत्न शिक्षणक्षेत्रातील व्यक्तीला कुतूहलाचा वाटावा. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका शेअरबाजार-प्रशिक्षण संस्थेकडील सुमारे ५४६ कोटी रुपये गोठविण्याचा अंतरिम आदेशही निघाला. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निर्णय नव्हे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. परंतु ही रक्कम पाहता, शिकण्यासाठी वा सल्ल्यासाठी पैसे मोजणारा वर्ग आपल्या राज्यात किती मोठा आहे, याची कल्पना येते.

कांद्याची बातमी कोणाच्या कक्षेत?

शेअरच्या बाबतीत निदान एक संकल्पना कायद्यात रुजली आहे. १९९२ च्या आणि नंतर २०१५ च्या नियमांनी ‘अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती’ असा वर्ग मान्य केला. ती माहिती ज्याच्याजवळ आहे त्याने तिच्या आधारे व्यवहार करावयाचा नाही. वित्तीय निकालांना मंजुरी देणारी संचालक मंडळाची सभा संपल्यावर ठरावीक मुदतीच्या आत ते शेअर बाजारास कळवावे लागतात. हे नियम पाळले जातातच असे नाही. पण मोडले तर काय मोडले, हे सांगता येते.

नाशिक जिल्ह्यातील लाखो कुटुंबांची गुंतवणूक शेअरमध्ये नाही, ती शेतात आणि कांद्याच्या चाळीत आहे. तेथे किंमत-संवेदनशील माहिती म्हणजे निर्यातीसंबंधीचा शासकीय निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले तेव्हा जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. दि. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न निघालेल्या अधिसूचनेवर बाजार चढला. या तिन्ही प्रसंगी निर्णय कोणत्या वेळी, कोणत्या मार्गाने आणि सर्वांना एकाच क्षणी जाहीर व्हावा, याचे शेअर बाजारासारखे बंधन कोणावर नव्हते. निर्णयाची कुणकुण ज्याला लागली त्याने कांदा घेणे वा विकणे यावरही बंधन नव्हते.

येथे पिकाचे स्वरूपही महत्त्वाचे ठरते. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून त्याचा धनी बातमीची वाट पाहू शकतो. फेब्रुवारीत बाजारात येतो तो लाल कांदा. तो साठवणीचा नाही, काढला की विकावा लागतो. म्हणजे ज्या काळात ती बातमी फिरली, त्या काळात शेतकऱ्याजवळ बातमी असती तरी तिचा उपयोग करण्याची सवड नव्हती. १८६५ मध्ये तारेचे ५ पौंड नसलेला माणूस आणि २०२४ मध्ये चार दिवस थांबू न शकणारा माणूस यांची स्थिती, साधनांतील सर्व प्रगती जमेस धरूनही, एकमेकींहून फारशी दूर नाही.

वृत्तपत्रांवर सर्व दोष टाकणे अन्यायाचे होईल. नाशिकमधून १९३८ पासून निघणाऱ्या ‘गांवकरी’सारख्या पत्राने ग्रामीण वाचक डोळ्यांपुढे ठेवला. बाजारभावाचा रकाना हा तर प्रादेशिक वृत्तपत्रांतील सर्वांत प्रामाणिक मजकूर म्हणावा लागेल, कारण तो झालेल्या व्यवहाराची नोंद असतो. अडचण सुरू होते ती उद्याचा भाव सांगणाऱ्या मजकुरापासून. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दांमागे कोण आहे आणि त्याचा माल कोठे आहे, हे सांगण्याची प्रथा शेतमालाच्या वार्तांकनात पडलेली नाही. प्रेस कौन्सिलची १९९६ ची तत्त्वे शेअर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली. कांदा, द्राक्षे, टोमॅटो यांचा त्यांत विचार नाही.

या विषयावरील संशोधनाची सामग्री हाताशी आहे. बाजार समित्यांकडे दैनंदिन आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दरांच्या नोंदी असतात. अधिसूचनांवर तारखा असतात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची आहे आणि वृत्तपत्रांचे अंक वाचून टिपणे काढणारे विद्यार्थी आपल्या वर्गांत आहेत. दि. १७ ते २० फेब्रुवारी २०२४ या चार दिवसांचा, लिलाव-सत्रांनुसार दर आणि त्या त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या बातम्या शेजारी-शेजारी मांडून, एक लहानसा तक्ता करता येईल. वाणिज्य आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून तो करावा, आणि त्यात एक रकाना १७ तारखेच्या खरेदीसाठी स्वतंत्र ठेवावा.